मागे राहणारी सात मुले आणि पुढे असलेली एक मुलगी

आपला प्रश्न मी दोन-तीनदा वाचला. त्याचा गाभा मला समजला तो असा. आपण चार वर्षांपासून सातवीला गणित शिकवता. बेचाळीस मुलांच्या वर्गात तीच सात मुले प्रत्येक चाचणीत तळाशी राहतात आणि त्यांतल्या सहा जणांच्या घरची परिस्थिती ओढग्रस्तीची आहे. त्याच वर्गात एक मुलगी अशी आहे, की जिच्या घरी त्या सहा जणांपेक्षाही जास्त चणचण आहे, आणि तरी ती कायम पहिल्या तिघांत असते. शिक्षकखोलीत तिचे उदाहरण देऊन आपल्याला सांगितले जाते, की परिस्थिती हे निमित्त असते, मुलाच्या अंगात जिद्द हवी. आपल्याला ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. म्हणून आपण विचारले आहे, की मुलाच्या शाळेतील यशापयशात घरच्या पैशाचा वाटा किती, त्याच्या स्वतःच्या गुणांचा किती, आणि या दोन्हींपुढे शिक्षकाच्या हातात नेमके काय उरते.

मी ३१ वर्षे माध्यमिक शाळेत शिकवले, त्यांतली शेवटची आठ मुख्याध्यापक म्हणून. उत्तर देण्यापूर्वी एवढे सांगते, की आपला वर्ग मी पाहिलेला नाही. मुले रोज घरून येतात की वसतिगृहात राहतात, शिकवण्याची भाषा त्यांच्या घरात बोलली जाते की नाही, तुकड्या गुणांनुसार पाडलेल्या आहेत की सरमिसळ आहेत, यांतल्या प्रत्येक गोष्टीने उत्तर बदलते. घरातील तंगी कायमची आहे की आजारपणामुळे किंवा काम सुटल्यामुळे अलीकडे आलेली आहे, यानेही ते बदलते. त्यामुळे मी पुढे जे लिहिते आहे त्यातला कोणता भाग आपल्या कोणत्या मुलाला लागू पडतो, हे आपल्यालाच पडताळून पाहावे लागेल.

माझ्या मते ‘पैसा की जिद्द’ ही विभागणीच मुळात टिकत नाही. तंगी थेट उत्तरपत्रिकेत उतरत नाही. ती आधी मुलाचा वेळ खाते, झोप खाते, डोळ्यांकडे आणि कानांकडे दुर्लक्ष करायला लावते, घरातील मोठ्यांचे लक्ष ओढून घेते, आणि अखेरीस ज्याला आपण जिद्द म्हणतो त्या गुणालाही पोखरते. यांतली कोणती वाट कोणत्या मुलाच्या बाबतीत चालू आहे, हे घराघरांत वेगळे असते. म्हणून सारख्याच मिळकतीच्या दोन घरांतील मुले शाळेत अगदी वेगळी दिसू शकतात, आणि तशी ती दिसली म्हणून परिस्थितीचा परिणाम होत नाही असे ठरत नाही.

आपल्या सहकाऱ्यांना आकडा हवा असेल तर एक देते. पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांची ‘पिसा’ ही आंतरराष्ट्रीय चाचणी २०२२ मध्ये ८१ देशांत व प्रदेशांत घेतली गेली. ती घेणाऱ्या आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या सदस्य देशांत गणिताच्या गुणांमधील एकूण तफावतीपैकी सरासरीने सुमारे १५ टक्के तफावत कुटुंबाच्या सामाजिक-आर्थिक स्थितीशी जोडलेली आढळली. हा आकडा ऐकून कोणी म्हणेल, की मग उरलेले ८५ टक्के मुलाच्या स्वतःच्या हातात आहेत. पण त्या उरलेल्यांत शाळा, शिक्षक, आरोग्य, आजूबाजूची मुले आणि निव्वळ योगायोग हेही आले. त्याच चाचणीतील दुसरा आकडा मला अधिक बोलका वाटतो. आपापल्या देशातील सर्वांत वंचित चौथाईतल्या मुलांपैकी सुमारे १० टक्के मुले गुणांच्या बाबतीत देशातील वरच्या चौथाईत पोचतात. परिस्थितीचा काहीच परिणाम नसता, तर हे प्रमाण २५ टक्के असायला हवे होते. आपली विद्यार्थिनी त्या शंभरातील दहांपैकी एक आहे. तिच्या उदाहरणावरून उरलेल्या नव्वदांबद्दल निकाल देणे हे हिशेबातच बसत नाही.

दुसऱ्या टोकाचा गैरसमजही तितकाच घातक आहे. १९६६ मध्ये अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची आणि चार हजार शाळांची पाहणी झाली. शाळेच्या सोयीसुविधांमधील फरकापेक्षा मुलाच्या कुटुंबाची आणि त्याच्या वर्गसोबत्यांची पार्श्वभूमी त्याच्या गुणांशी अधिक जोडलेली आहे, असे तीत आढळले. पुढे कित्येक वर्षे या अहवालाचा अर्थ ‘शाळेने फरक पडत नाही’ असा लावला गेला. नंतर जेव्हा त्याच मुलांची वर्षागणिक प्रगती शिक्षकवार तपासता येऊ लागली, तेव्हा एकाच शाळेतील दोन वर्गांत केवळ शिक्षक वेगळे असल्यामुळे वर्षअखेर लक्षणीय फरक पडतो असे दिसून आले. शाळांच्या सरासरीची तुलना करताना हा फरक झाकला गेला होता. ‘घरच तसे आहे, आपण काय करणार’ हे वाक्य मी शिक्षकखोलीत असंख्य वेळा ऐकले आहे, आणि उमेदीच्या काळात स्वतःही उच्चारले आहे. ते मुलाच्या जिद्दीवर बोट ठेवण्याइतकेच चुकीचे आहे.

आता एकेका वाटेकडे येते. सर्वांत रुंद आणि सर्वांत कमी पाहिली जाणारी वाट म्हणजे वेळ, आणि वेळेचा पहिला पुरावा हजेरीपटात असतो. वर्षातील १० टक्के किंवा त्याहून जास्त दिवस बुडाले, तर ती चिंताजनक गैरहजेरी मानण्याचा प्रघात अनेक ठिकाणी आहे. हे १० टक्के म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्याच्या हिशेबाने पंधरवड्याला केवळ एक दिवस. एवढी गैरहजेरी कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही, पण गणितासारख्या विषयात एक दिवस एकटा बुडत नाही. ज्या दिवशी छेद समान करणे शिकवले तो दिवस गेला, तर अपूर्णांकांची बेरीज गेली, वजाबाकी गेली, आणि पुढे समीकरणात अपूर्णांक आला की तिथेही पाय अडकला.

हजेरीपट आपण आडवा वाचतो. नाव, पुढे हजर-गैरहजरच्या खुणा, शेवटी बेरीज. मुख्याध्यापक झाल्यावर पहिल्याच वर्षी मी तो उभा वाचायला बसले. आठवीतल्या एका मुलाची गैरहजेरी वेगळ्या कागदावर वारांप्रमाणे मांडली. चार महिन्यांत तो १९ दिवस आला नव्हता आणि त्यांतले १४ दिवस गुरुवार होते. त्याच्या नावापुढे ‘अनियमित, बेफिकीर’ असा शेरा होता. त्याला एकट्याला बोलावून शांतपणे विचारले तेव्हा कळले, की गुरुवारी आईची कामाची पाळी पहाटे सुरू होते आणि दोन वर्षांच्या बहिणीजवळ दुपारपर्यंत थांबायला दुसरे कोणी नाही. आमच्या वेळापत्रकात गुरुवारच्या पहिल्या दोन तासिका गणिताच्या होत्या. म्हणजे तो गणितात मागे पडला होता तो आमच्या वेळापत्रकामुळे, आणि शेरा मात्र त्याच्या स्वभावावर बसला होता. आम्ही गणिताचा तो जोडतास मंगळवारी नेला आणि मंगळवारचे खेळ व चित्रकला गुरुवारी आणली. वर्षअखेर तो वर्गाच्या मध्यावर आला. त्याची चित्रकला बुडत राहिली याची रुखरुख मला आजही आहे, कारण तो सुरेख चित्रे काढत असे. पण त्या वर्षी याहून चांगला मार्ग आम्हाला सापडला नाही.

घरच्या वेळेचा दुसरा पुरावा वहीत असतो. एका मुलीच्या गृहपाठाच्या वहीत पहिल्या पाच-सहा ओळी सरळ असत, पुढच्या ओळी उजवीकडे उतरत जात आणि मध्येच शाई बदललेली असे. वही मांडीवर घेऊन लिहिल्याची आणि लिहिता लिहिता तीन-चार वेळा उठावे लागल्याची ती खूण होती. दर पानावर ‘अपूर्ण’ असा लाल शेरा होता आणि त्यातले निम्मे शेरे माझे होते. शेवटच्या तासिकेनंतर तिला पंचवीस मिनिटे वर्गातच बसून गृहपाठ करू दिला, तेव्हा आठवड्याभरात ओळी सरळ झाल्या. गृहपाठ हे वरवर सर्वांना सारखे वाटलेले काम दिसते. प्रत्यक्षात ते घराच्या शांततेची, उजेडाची आणि मोकळ्या हातांची परीक्षा घेते. आपल्या सातही मुलांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवून पाहा. गुण पाहण्यापूर्वी अक्षर पाहा.

दुसरी वाट शरीराची आहे. ती तपासायला सर्वांत सोपी असूनही सर्वांत उशिरा तपासली जाते. चीनच्या कान्सू प्रांतात २००४ मध्ये झालेल्या एका प्रयोगात नजर कमी असलेल्या प्राथमिक शाळेतील मुलांना चष्मे देण्यात आले. एका शैक्षणिक वर्षात त्यांच्या गुणांत पडलेला फरक साधारण चार ते सहा महिन्यांच्या जादा शिक्षणाएवढा भरला. मला त्या प्रयोगातील दुसरी बाब जास्त विचारात पाडते: चष्मा मोफत असूनही जवळजवळ एक तृतीयांश मुलांनी तो घेतला नाही. म्हणजे वस्तू दिली की काम झाले असे होत नाही. घरच्यांना त्या वस्तूची गरज पटावी लागते, आणि ती पटवण्याचे काम शिक्षकाच्याच वाट्याला येते. फळ्यावरचे उतरवून घेताना जो मुलगा शेजाऱ्याच्या वहीत पाहतो, त्याला कॉपीबद्दल रागावण्याआधी मागच्या बाकावरून फळ्यावरची एक ओळ मोठ्याने वाचायला सांगावी. ऐकू कमी येणाऱ्या मुलाचेही तसेच आहे. तो दुर्लक्ष करतो असे वाटते, आणि पाठमोरे उभे राहून बोलणाऱ्या शिक्षकाच्या तासाला ते जास्तच वाटते.

शरीराच्या बाबतीत एक सावधगिरीही हवी. १९९८ पासून केनियातील ७५ शाळांत मुलांना जंतनाशक गोळ्या देण्याचा एक गाजलेला प्रयोग झाला. गैरहजेरी सुमारे पाव हिश्श्याने घटली असे संशोधकांनी नोंदवले. त्या आकडेवारीवर नंतर बराच वादही झाला. मात्र चाचण्यांतील गुण त्यामुळे वाढलेले दिसले नाहीत, हे मूळ संशोधकांनीच सांगितले होते. मूल बाकावर येऊन बसणे आणि त्याने शिकणे यांत एक अंतर असते, आणि ते अंतर गोळीने, पैशाने किंवा नुसत्या हजेरीने भरून निघत नाही. मेक्सिकोने १९९७ मध्ये मुलांच्या शाळेतील उपस्थितीच्या अटीवर गरीब कुटुंबांना रोख मदत द्यायला सुरुवात केली, तेव्हाही हेच दिसले. माध्यमिक शाळेतील पटसंख्या वाढली, मुलींची विशेष वाढली, पण शिकण्याची पातळी त्या मानाने वाढल्याचे आढळले नाही.

म्हणून पैशाचा उपयोग नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेत कमी मिळकतीच्या नोकरदार कुटुंबांना मिळणारी करसवलत वाढली, तेव्हा त्या घरांतील मुलांच्या गणिताच्या व वाचनाच्या गुणांत थोडी पण स्पष्ट वाढ झाल्याचे अर्थशास्त्रज्ञांनी दाखवले आहे. घरात पैसा आल्याने काय बदलते, याचा एक धागा भारतातील अभ्यासात मिळतो. तमिळनाडूतील ५४ गावांतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची तोडणीपूर्वी, म्हणजे हातात पैसा नसताना, आणि तोडणीनंतर, म्हणजे पैसे मिळाल्यावर, तर्काची व लक्ष एकाग्र करण्याची चाचणी घेतली गेली. २०१३ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीच माणसे पैसे हाती येण्यापूर्वीच्या चाचणीत कमी पडली. त्यांची बुद्धी दोन-चार महिन्यांत वाढली नव्हती. डोक्यातला हिशेब हलका झाला होता. देण्या-घेण्याच्या विवंचनेत असलेल्या आईवडिलांकडे ‘आज शाळेत काय शिकवले’ हे विचारण्याइतकीही उसंत नसते. त्यांना आपण ‘उदासीन पालक’ म्हणतो. माझ्या अनुभवात खरोखर उदासीन असलेले पालक फार थोडे भेटले, आणि ते सगळे गरीब नव्हते.

आता ज्या वाटेबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचे आहे तिच्याकडे येते, कारण ती आपल्या विषयातली आहे. सातवीत जो गणितात कच्चा दिसतो, त्याचा अडथळा बहुधा सातवीच्या गणितात नसतो. तो तिसरी ते पाचवीच्या दरम्यान कुठेतरी मागे राहिलेला असतो. खड्डा सर्वच मुलांच्या वाटेत येतो. सुस्थितीतल्या घरातील मूल आजारी पडून आठ दिवस घरी राहिले आणि त्याची हातच्याची वजाबाकी कच्ची राहिली, तर मोठी बहीण, वडील किंवा शिकवणीचे शिक्षक तो खड्डा पंधरा दिवसांत बुजवून टाकतात, आणि शाळेला तो कधी दिसतही नाही. तंगीच्या घरातील मुलाचा तोच खड्डा तसाच राहतो, आणि त्यावर पुढचे प्रत्येक प्रकरण थोडे तिरके उभे राहते. पाढे तोंडी नसलेल्या मुलाचे सगळे लक्ष सात आठे किती यातच खर्च होते; तोवर समीकरणाची दुसरी पायरी फळ्यावरून पुसली गेलेली असते. चार वर्षांनी या दोन मुलांमध्ये जो फरक दिसतो त्याला आपण बुद्धीचा फरक समजतो. माझ्या मते आर्थिक स्थितीचा शिक्षणावरील सर्वांत मोठा परिणाम हा असा, लहान लहान खड्डे न बुजवले गेल्याने होतो.

यावर उपाय आहे आणि तो शिक्षकाच्या आवाक्यात आहे. आपल्या सात मुलांना एकेकटे बसवून दहा प्रश्न द्या: हातच्याची वजाबाकी, दोन-तीन पाढे, एक साधा भागाकार, दोन तृतीयांश आणि तीन चतुर्थांश यांत मोठे कोणते, संख्यारेषेवर अर्धा कुठे येतो, असे. गुण देऊ नका. मूल कुठे थांबते आणि थांबल्यावर काय करते तेवढे पाहा. बोटे मोजते, अंदाज ठोकते, की गप्प बसते. मग ज्या पायरीवर ते थांबले तिथून रोज वीस मिनिटे शिकवा. भारतात ‘प्रथम’ या संस्थेने मुलांना इयत्तेऐवजी त्यांना प्रत्यक्ष जे येते त्यानुसार गटांत बसवून शिकवण्याची जी पद्धत रुजवली, तिची अनेक राज्यांत काटेकोर प्रयोगांनी तपासणी झाली आहे, आणि पद्धत नीट राबवली गेली तिथे मुलांच्या वाचनात व गणितात चांगली वाढ दिसली आहे. सातवीचा अभ्यासक्रम थांबवून पाचवीचे शिकवायला मुख्याध्यापकांची परवानगी काढावी लागते, हे मी जाणते. ती काढा. अभ्यासक्रम पूर्ण केल्याचा शेरा आपल्याला मिळतो, मुलाला त्यातून काही मिळत नाही.

आता मुलाच्या स्वतःच्या गुणांबद्दल. चिकाटी, धीर, स्वतःवरचा ताबा हे गुण खरे आहेत आणि त्यांचा उपयोग होतो, याबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती हे गुण परिस्थितीपासून वेगळे काढता येतात, या समजुतीबद्दल. मुलासमोर एक मिठाई ठेवून ‘थोडे थांबलास तर दोन देईन’ असे सांगण्याचा जुना प्रयोग आपल्या वाचनात आला असेल. अमेरिकेत त्याचीच एक वेगळी मांडणी पुढे २८ लहान मुलांवर केली गेली. त्यांतल्या निम्म्या मुलांना आधी एका मोठ्या माणसाने चांगले रंग व चित्रे आणून देण्याचे वचन देऊन ते मोडले. उरलेल्यांना दिलेले वचन पाळले. मग मिठाईचा प्रयोग केला. ज्यांना दिलेले वचन पाळले गेले होते ती मुले सरासरी १२ मिनिटे थांबली. ज्यांना दिलेले वचन मोडले गेले होते ती जेमतेम तीन. धीर कमी असलेली मुले एका गटात आणि जास्त असलेली दुसऱ्यात, असे झालेले नव्हते. थांबल्याने काही मिळते असा अनुभव ज्यांना आला ती थांबली. ज्या घरात ‘पुढच्या महिन्यात नक्की’ हे वाक्य दर महिन्याला परिस्थितीमुळे खोटे ठरते, त्या घरातील मुलाने आज मेहनत करून पाच वर्षांनी मिळणाऱ्या फळावर विश्वास ठेवावा, ही अपेक्षा किती मोठी आहे ते यावरून ध्यानात यावे. म्हणूनच अशा मुलांना दिलेला लहानसा शब्दही शिक्षकाने पाळला पाहिजे. ‘उद्या तुझी वही पाहते’ म्हटले, तर उद्या ती पाहिलीच पाहिजे.

‘प्रयत्नाने बुद्धी वाढते’ हे मुलांना सांगण्याचे जे कार्यक्रम सध्या शाळाशाळांत चालतात, त्यांच्याबद्दल आपण विचारलेले नाही, पण कोणीतरी ते सुचवीलच. २०१९ मध्ये अमेरिकेतील नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांवर याचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. कमी गुण असलेल्या मुलांच्या श्रेणीत सरासरीने एक दशांश अंकाची वाढ झाली, आणि ज्या शाळांत सोबत्यांमध्ये अवघड काम अंगावर घेण्याला मान होता तिथे परिणाम अधिक दिसला. वाढ लहान आहे, खोटी नाही. पण ज्याचा पाचवीचा खड्डा तसाच आहे, त्याला नुसते ‘तू करू शकतोस’ सांगत राहिले तर तो महिनाभर प्रयत्न करतो, पुन्हा नापास होतो आणि या वेळी दोष स्वतःच्या माथी घेतो. आधी त्याला जमेल अशी पायरी द्यावी आणि ती जमल्यावर कौतुक करावे. त्या कौतुकावर मुले विश्वास ठेवतात.

आपल्या सातव्या मुलाबद्दल आपण एकच ओळ लिहिली आहे, की त्याच्या घरी सर्व काही ठीक आहे. घरी पैसा ठीक आहे एवढाच त्याचा अर्थ. संख्याज्ञानाची जन्मजात अडचण शंभरांतल्या तीन ते सात मुलांना असते असा अंदाज आहे आणि ती गरीब-श्रीमंत पाहून येत नाही. परीक्षेची भीती, घरातील सततचे वाद, एखाद्या मोठ्या भावंडाशी रोजची तुलना, हेही पाहायला हवे. फरक असा, की त्याच्या पालकांना तज्ज्ञांकडून तपासणी करून घेणे परवडेल. इतर सहांपैकी एखाद्याला तीच अडचण असेल, तर त्याला आळशी ठरवले जाण्याची शक्यता मोठी. तपासणीसाठी केवळ सातव्याचेच नाव मनात येत असेल, तर थांबून सातही नावांचा विचार करा.

कामाचा क्रम मी असा ठेवीन. या आठवड्यात हजेरी वारांप्रमाणे मांडावी आणि सातही वह्या पाहाव्यात. पुढच्या आठवड्यात नजर, ऐकणे आणि ती दहा प्रश्नांची पाहणी. त्यानंतरच घरच्यांशी बोलणे. घरच्यांना चिठ्ठी पाठवून कामाच्या वेळेत बोलावू नका. रोजावर काम करणाऱ्याला शाळेत येणे म्हणजे दिवसाची मिळकत सोडणे असते, आणि न येण्याला आपण अनास्था म्हणून मोकळे होतो. वेळ त्यांना विचारून ठरवा. भेटल्यावर पहिले वाक्य मुलाला काय येते याबद्दल असू द्या आणि मिळकतीची चौकशी करू नका. ‘घरी अभ्यासाला कोणती वेळ बरी पडते’ एवढे विचारले, तरी बहुतेक गोष्टी आपोआप कळतात. वर्गात कोणाच्याही परिस्थितीचा उल्लेख सहानुभूतीनेही करू नका. मदत मिळते आहे हे चारचौघांत दिसले, तर या वयाची मुले मदतच नाकारतात, आणि त्यांचे चुकते असे मला वाटत नाही.

आता त्या मुलीकडे. तिच्याजवळ काय आहे ते शोधा. माझ्या पाहण्यात जी अशी मुले आली, त्यांच्यामागे जवळजवळ प्रत्येक वेळी कोणीतरी एक माणूस होते: रात्री शेजारी बसणारी निरक्षर आजी, पुढच्या इयत्तेतली चुलतबहीण, तिसरीत असताना वाचनाची गोडी लावणारे एखादे शिक्षक. ते काय आहे हे कळले, तर त्याची थोडीफार उभारणी इतर सहा जणांसाठी शाळेत करता येते.

आणि तिच्याबद्दल निर्धास्त राहू नका. जॉर्जिया राज्याच्या ग्रामीण भागातील कृष्णवर्णीय मुलांचा अमेरिकेत अनेक वर्षे पाठपुरावा केला गेला. बिकट परिस्थितीतून आलेल्या आणि अकरा ते तेरा या वयात शिक्षकांनी ज्यांना अभ्यासू, संयमी, गुणी म्हटले होते अशा मुलांची एकोणिसाव्या वर्षी तपासणी झाली. ती वागण्यात व मनाने सावरलेली दिसली, पण रक्तदाब, ताणाशी संबंधित संप्रेरके अशा शारीरिक खुणांवरून त्यांच्या शरीरावर जास्त ताण साचलेला आढळला. वर चढण्याची किंमत ती मुले शरीराने मोजत होती. तेव्हा सहकाऱ्यांना विनंती करा, की वर्गात तिचे उदाहरण देणे थांबवावे. त्याने सहा जण दुखावतात आणि तिच्यावर कधीही न घसरण्याचे ओझे चढते. एखाद्या दिवशी वर्ग सुटल्यावर, गुणांचा विषय न काढता, ती रात्री किती वाजता झोपते आणि सकाळी किती वाजता उठते, एवढे तिला विचारा. उत्तर पाच तासांच्या आसपास आले, तर आपल्या यादीत सात नव्हे, आठ नावे लिहा.